संजीवनी कुठे गेली?

दिवाळीचा किल्ला हा केवळ मुलांचा खेळ आहे, असे पुष्कळांना वाटते. मला ते पटत नाही. तो वडीलधाऱ्यांबरोबर करावयाचा उद्योग आहे.

सहामाही परीक्षा संपली की वडील अंगणात दगडविटा रचीत, त्यांवर गोणपाट पसरीत आणि मी चिखल लिंपीत असे. एके वर्षी आम्ही राजगड केला. मधोमध बालेकिल्ला उभा राहिला. पण माच्या मी दोनच केल्या. वडील म्हणाले, "पद्मावती झाली, सुवेळा झाली, संजीवनी कुठे गेली?" रात्र झाली होती, हात गारठले होते; तरी तिसरी माची होईपर्यंत जेवणाचे नाव निघाले नाही. मला त्यांचा राग आला होता, हे कबूल केले पाहिजे. चार दिवसांनी अळीव उगवून डोंगर हिरवा झाला, तेव्हा कोठे तो गेला.

हल्ली बाजारात तयार किल्ले मिळतात. ते दिसतातही सुबक! २०२५ साली युनेस्कोने राजगडासह १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. तेव्हापासून मुलांना त्यांची नावेही पाठ असतात. पण तयार किल्ल्यात माची विसरण्याची सोय नाही. मग ती आठवण करून देणार कोण, आणि कोणाला?

आता वडिलांना चिखलात बसवत नाही. ते ओसरीवरून काठीने जागा दाखवतात. मी व माझी मुलगी चिखल लिंपतो. गेल्या दिवाळीत पुन्हा राजगड केला. दोन माच्या होताच वडील म्हणाले, "झाला किल्ला!"

मुलगी म्हणाली, "आजोबा, संजीवनी कुठे गेली?"

वडील क्षणभर गप्प राहिले. मग हसून म्हणाले, "राहिलीच की! आण चिखल."