दांतांचें आरोग्य आणि वैद्यांचें सहकार्य

दांत आहेत तर चणे नाहींत, चणे आहेत तर दांत नाहींत, ही म्हण आपण सर्वांनीं ऐकली आहे. दांतांच्या औषधोपचाराविषयींही असेंच म्हणावें लागतें. दंतवैद्य बहुतेक शहरांत. आणि ज्यांचे दांत किडले, पण ज्यांच्या आईबापांपाशीं गाडीभाड्यासही पैसा नाहीं, अशीं मुलें खेड्यापाड्यांत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालाप्रमाणें जगांतील सुमारें ३५० कोटी लोकांस तोंडाचा कोणता ना कोणता विकार आहे. इतक्यांस एकटे दंतवैद्य पुरे पडतील ही आशा व्यर्थ होय. डॉक्टर, परिचारिका, आरोग्यसेविका व शिक्षक यांनीं हात दिल्यावांचून हा प्रश्न सुटावयाचा नाहीं, असें माझें मत आहे.

दांत म्हणजे शरीराहून कांहीं निराळी वस्तु, अशा समजुतीनें आपण वागतों. याचें एक कारण इतिहासांत आहे. १८४० सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं जगांतील पहिलें दंतवैद्यक महाविद्यालय निघालें, तें वैद्यक महाविद्यालयापासून स्वतंत्र. त्यामुळें दंतविद्येची उन्नति झाली हें खरें. परंतु दोन शास्त्रांचे मार्गही निराळे झाले. शरीर मात्र ही वांटणी जाणत नाहीं. मधुमेह असला कीं हिरड्यांचा रोग बळावतो, आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या कीं रक्तांतील साखर आटोक्यांत ठेवणें कठीण जातें.

बाल्टिमोर ज्या मेरिलँड संस्थानांत आहे, तेथेंच २००७ सालीं बारा वर्षांचा एक मुलगा किडलेल्या दांतामुळें मरण पावला. गळवाचा संसर्ग मेंदूपर्यंत पोहोंचला होता; शस्त्रक्रिया करूनही तो वांचला नाहीं. वेळीच दांत काढावयास सुमारें ८० डॉलर लागले असते, असें त्या वेळीं वर्तमानपत्रांनीं लिहिलें. विद्या होती, धनही होतें. नव्हता तो रुग्णास वैद्यापर्यंत पोहोंचविणारा दुवा.

याउलट उदाहरण न्यूझीलंडचें. १९२१ सालीं तेथील सरकारनें तरुण स्त्रियांस दोन वर्षांचें शिक्षण देऊन शाळांतून दंतपरिचारिका नेमण्याच्या योजनेस आरंभ केला. मुलांचे दांत भरणें, किडके दांत काढणें व स्वच्छतेचे धडे देणें हीं त्यांचीं कामें. अल्प शिक्षण झालेल्यांच्या हातीं मुलांचे दांत कसे द्यावे, अशी शंका कांहीं दंतवैद्यांस होती. परंतु ती पद्धति टिकली, आणि पुढें अनेक देशांनीं तिचें अनुकरण केलें. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना संस्थानांत लहान बालकांच्या दांतांस फ्लोराइडचा लेप बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांतच लावितात. कारण लस टोचून घेण्यास बालक तेथें येतेंच.

तज्ज्ञांचें काम इतरांनीं करावें काय, असें कोणी विचारील. कठीण काम तज्ज्ञांचेंच राहो. पाहणें, ओळखणें आणि वेळेवर पाठविणें इतकें तरी इतरांस शिकतां येईल. आपल्या महाराष्ट्रांत तंबाखू भाजून केलेली मिशरी लावण्याची चाल, विशेषतः स्त्रियांत, अजून आढळते. तिनें दांत बळकट होतात हा निव्वळ भ्रम आहे. तंबाखूनें तोंडाचा कर्करोग होतो. घरोघर जाणाऱ्या आशाताईंस तोंडांतील पांढरा चट्टा व भरून न येणारी जखम ओळखतां आली, तर कित्येकांचे प्राण वांचतील. मात्र नुसतें "दवाखान्यांत जा" म्हणून भागत नाहीं. कोणाकडे, कोणत्या दिवशीं जावयाचें तें ठरवून चिठ्ठी द्यावी, आणि रुग्ण तेथें पोहोंचला कीं नाहीं याची मागाहून चौकशी करावी. दंतवैद्यांनींही हिरड्या पाहून मधुमेहाचा संशय आल्यास रुग्णास डॉक्टरकडे पाठवावें. असें उभयपक्षीं चालेल तेंच खरें सहकार्य.

संत पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायांत शरीर व अवयव यांचा दृष्टांत दिला आहे. कोणताही अवयव दुसऱ्यास तुच्छ लेखूं शकत नाहीं, हा त्याचा बोध वैद्यांस जितका लागू, तितकाच आपणांसही लागू आहे. पालकांस माझी विनंती कीं, मुलाचा दांत दुखूं लागण्याची वाट न पाहतां वर्षांतून एकदां तरी तो तपासून घ्यावा. आणि विद्यार्थी मित्रांनो, रात्रीं निजण्यापूर्वीं दांत घासण्याचें काम कोणताही वैद्य तुमच्यासाठीं करणार नाहीं. तुमच्या वांट्याचें तेवढें सहकार्य आजपासूनच सुरू करा.