नथुराम गोडसेच्या घरात पुढं काय झालं? पुण्याच्या कोर्टातल्या एका अर्जाचं सेवाग्रामपर्यंतचं कनेक्शन

मे २०२५. पुण्याच्या कोर्टात एक अर्ज आला. फिर्यादीनं आपल्या आईच्या माहेरची वंशावळ सादर करावी, अशी त्यात मागणी होती.

फिर्यादी होते सात्यकी सावरकर. राहुल गांधींनी मार्च २०२३ मध्ये लंडनमध्ये वि. दा. सावरकरांबद्दल भाषण केलं, त्यावरून सात्यकी यांनी बदनामीचा खटला दाखल केला. आपण सावरकर घराण्यातले आहोत हे त्यांनी फिर्यादीत सांगितलं. राहुल गांधींच्या बाजूचं म्हणणं असं की वडिलांकडचं नातं सांगता, मग आईकडचंही सांगा. कारण सात्यकी यांच्या आई म्हणजे हिमानी सावरकर, आणि हिमानी या गोपाळ गोडसे यांच्या कन्या. गोपाळ म्हणजे नथुरामचा सख्खा धाकटा भाऊ आणि गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेला आरोपी.

कोर्टानं अर्ज फेटाळला. हा खटला एका भाषणाबद्दल आहे, हिमानी सावरकरांच्या वंशावळीबद्दल नाही, असं सांगितलं. विषय तिथं संपला नाही. ऑगस्टमध्ये राहुल गांधींच्या वकिलांनी एक पुरसिस दिली. फिर्यादीचं घराणं पाहता आपल्या अशिलाच्या जिवाला धोका आहे, असा तिचा सूर होता. पक्षकाराला न विचारता दिली म्हणून ती दुसऱ्याच दिवशी मागे घ्यायची वेळ आली.

मी वर्ध्याची. आमच्याकडं शाळेची पहिली सहल सेवाग्रामलाच जाते. आमच्या वर्गात गोडसे आडनावाची एक मुलगी होती. बापूकुटीत गाईड हत्येबद्दल सांगायला लागला आणि मागच्या पोरांनी तिच्याकडं बघून खिदळायला सुरुवात केली. तिचा त्या घराशी काडीचाही संबंध नव्हता. पुण्याच्या कोर्टातला तो अर्ज वाचला तेव्हा मला पहिली ती आठवली. आडनावावरून माणसाला जबाबदार धरायचं नाही हे कळतं. पण ज्यांचा संबंध खरंच होता, त्या घराचं काय? त्यासाठी आधी ते घर बघावं लागतं.

पोस्टातल्या नोकरदाराचं घर

नथुरामचा जन्म १९ मे १९१० चा, बारामतीचा. वडील विनायकराव पोस्टात नोकरीला. आधीचे तीन मुलगे लहानपणीच गेले होते, म्हणून या मुलाला मुलीसारखं वाढवायचं असा नवस होता. नाक टोचून नथ घातली. खरं नाव रामचंद्र, पण नथेवरून नथुराम झालं. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. कमी सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे हे घर किती साधं होतं. वडिलांची बदलीची नोकरी, भावंडं बरीच, पगार बेताचा. नथुराम मॅट्रिक नापास झाला. पुढं सांगलीला शिवणकाम केलं. रत्नागिरीला वडिलांची बदली झाली तेव्हा तिथं स्थानबद्ध असलेल्या सावरकरांशी ओळख झाली आणि पोराची दिशा ठरली. त्यानं लग्न केलं नाही. १९४४ मध्ये पुण्यात 'अग्रणी' हे दैनिक काढलं, ते पुढं 'हिंदुराष्ट्र' या नावानं चाललं. व्यवस्थापक नारायण आपटे.

गोपाळ मात्र संसारी होता. खडकीला लष्कराच्या मोटार स्पेअर डेपोत स्टोअरकीपर, महायुद्धात इराक-इराणकडं जाऊन आलेला. घरात बायको सिंधू आणि दोन लहान मुली. धाकटी, म्हणजे पुढच्या हिमानी, जेमतेम वर्षाची.

विम्याचे दोन कागद

या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त अडवणारी गोष्ट पिस्तुलाची नाही, विम्याची आहे.

नथुरामच्या नावावर आयुर्विम्याच्या दोन पॉलिसी होत्या. १३ जानेवारी १९४८ ला, म्हणजे गांधीजींनी दिल्लीत शेवटचं उपोषण सुरू केलं त्याच दिवशी, त्यानं दोन हजारांच्या पॉलिसीवर चंपूताई आपटे यांचं नाव लावलं. त्या नारायण आपटेच्या पत्नी. दुसऱ्या दिवशी तीन हजारांची पॉलिसी सिंधूताई गोडसे यांच्या नावावर केली. लाल किल्ल्यातल्या खटल्यात हे कागद पुरावा म्हणून आले.

सरकारी पक्षासाठी त्याचा अर्थ सरळ होता. वारस नेमण्याची घाई का, तर आपण परत येणार नाही हे माहीत होतं. कट सिद्ध करायला हे कामाचं. पण हेच कागद घराच्या बाजूनं वाचून बघा. ज्या दोन बायकांची नावं लावली, त्यांचे नवरे अजून जिवंत होते, धडधाकट होते. म्हणजे या दोन घरांतले कर्ते पुरुष जाणार, हे त्या बायकांच्या आधी नथुरामनं धरून चाललं होतं. त्यांच्यासाठी तरतूद केली. त्यांना विचारायचं मात्र राहिलं. विचारधारेवर रकानेच्या रकाने भरून लिहिलं जातं, पण तीन हजार रुपयांत दोन मुलींचा संसार किती वर्षं चालेल हा हिशेब त्या खोलीत कुणी केला असेल असं वाटत नाही.

गोपाळनं सात दिवसांची रजा टाकली आणि आपलं रिव्हॉल्व्हर घेऊन दिल्ली गाठली. २० जानेवारीचा पहिला प्रयत्न फसला, मदनलाल पाहवा पकडला गेला, गोपाळ पुण्याला परतला. ३० जानेवारीला नथुरामनं गोळ्या झाडल्या. थोड्याच दिवसांत गोपाळला मावळातल्या त्याच्या मूळ गावाजवळ, उकसानजवळ, अटक झाली.

जमावानं वंशावळ आधीच काढली होती

मारेकऱ्याचं नाव रेडिओवर आलं आणि महाराष्ट्रात आगी लागल्या. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरं, दुकानं जाळली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. मुंबईत सावरकरांचे धाकटे भाऊ नारायणराव यांना जमावानं दगडांनी मारलं. त्यातून ते नीट सावरले नाहीत आणि पुढच्या वर्षी वारले.

नारायणरावांवर खटला नव्हता, आरोप नव्हता. आडनाव होतं. शिक्षा घराला, मग जातीला द्यायची ही पद्धत तेव्हा किती सहज चालून गेली ते बघितलं, की २०२५ च्या वंशावळीच्या अर्जाबद्दल जरा सावध व्हायला होतं. राहुल गांधींच्या वकिलांना असलं काही म्हणायचं नव्हतं, हे मान्य. पण हा रस्ता कुठून कुठं जातो हे महाराष्ट्रानं बघितलेलं आहे.

आणि वर्ध्यात?

गांधीजींवर डोळा ठेवून असलेली माणसं वर्ध्यात १९४४ मध्येच येऊन गेली होती. सप्टेंबरमध्ये गांधीजी जिनांशी बोलणी करायला मुंबईला निघणार होते. त्यांना अडवायला एक गट सेवाग्राम आश्रमासमोर ठाण मांडून बसला. पुढारी होते ल. ग. थत्ते. पोलिसांनी झडती घेतली तेव्हा एकाजवळ सुरा सापडला. नथुरामही तिथं होता का यावर अभ्यासकांत वाद आहे. सुऱ्यावर नाही.

फेब्रुवारी १९४८ मध्ये गांधीजी सेवाग्रामला यायचे ठरलं होतं. ते आले नाहीत. मार्चमध्ये त्यांच्याशिवाय बैठक झाली. नेहरू, मौलाना आझाद, कृपलानी, जयप्रकाश, सगळे आले. पवनारहून विनोबा आले. मारेकरी माझ्याच प्रांतातला, माझ्याच जातीतला, हे विनोबांनी तिथं स्वतः बोलून दाखवलं. मला यातला फरक महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्यानं तुमच्या अंगावर चिकटवलेलं नातं वेगळं, आणि तुम्ही स्वतः उचललेली लाज वेगळी.

याच भागातली दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे. गांधीजींचे तिसरे चिरंजीव रामदास नागपूरला राहत. नथुरामला फाशीची शिक्षा १० फेब्रुवारी १९४९ ला झाली. मे महिन्यात रामदास यांनी त्याला तुरुंगात पत्र लिहिलं. केलंस ते चूक होतं हे तुला कधीतरी कळेल, असा त्याचा भाव. नथुरामनं उत्तर पाठवलं. ते सौम्य होतं, पण पश्चात्ताप त्यात नव्हता. विनोबा आणि किशोरलाल मशरूवाला यांना सोबत घेऊन त्याला भेटायची रामदास यांची इच्छा होती. दोघंही वर्ध्याचेच. ती भेट झाली नाही. फाशी देऊ नका अशी विनंती रामदास यांनी केली, दक्षिण आफ्रिकेतून मणिलाल यांनी केली. तिकडं नथुरामच्या आईवडिलांनीही दयेचा अर्ज केला होता. म्हणजे मारलेल्याची मुलं आणि मारणाऱ्याचे आईबाप एकच गोष्ट मागत होते. सरकारनं दोघांचंही ऐकलं नाही. १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्याच्या तुरुंगात नथुराम आणि आपटे यांना फाशी झाली.

(राजीव गांधींच्या हत्येनंतर सोनिया गांधींनी नलिनीच्या फाशीला विरोध केला होता. तिला तुरुंगातच मुलगी झाली होती. २००८ मध्ये प्रियंका गांधी वेल्लोरच्या तुरुंगात नलिनीला भेटून आल्या. तेव्हा देशभर चर्चा झाली. रामदास यांचं पत्र मात्र आपल्याकडं कुणाला फारसं आठवलं नाही.)

सोळा वर्षं

गोपाळ गोडसे ऑक्टोबर १९६४ मध्ये सुटले. दरम्यान ते सुप्रीम कोर्टातही गेले होते. माफीचे दिवस धरून वीस वर्षं भरली, आता सोडा, असं म्हणणं होतं. १९६१ मध्ये कोर्टानं सांगितलं की जन्मठेप म्हणजे उरलेलं पूर्ण आयुष्य, शिक्षा कमी करायची की नाही हे सरकारनं ठरवायचं. जन्मठेपेच्या कैद्यांच्या खटल्यांत हा निकाल आजही दाखवला जातो.

या सगळ्या काळात पुण्यातलं घर सिंधूताईंनी चालवलं. नवऱ्याला अटक झाली तेव्हा तान्ही असलेली मुलगी तो सुटला तेव्हा कॉलेजच्या वयाची होती.

आणि मग नोव्हेंबर १९६४. सुटकेनिमित्त पुण्यात सत्यविनायकाची पूजा झाली. घरचा माणूस सोळा वर्षांनी परत आला, घरच्यांनी पूजा घातली, यात कुणाला काय बोलायचंय? पण तो घरचा कार्यक्रम राहिला नाही. निमंत्रणं गेली, सत्कार झाला, भाषणं झाली. टिळकांचे नातू ग. वि. केतकर तिथं बोलून गेले की नथुरामचा विचार आपल्याला आधी माहीत होता. देशभर गदारोळ उठला. गोपाळ पुन्हा आत गेले ते १९६५ च्या शेवटी बाहेर आले. त्या भाषणामुळंच आधी पाठक आणि मग न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांचा चौकशी आयोग नेमला गेला.

माझ्या मते या घराच्या गोष्टीचे दोन भाग पडतात ते इथं. १९६४ पर्यंत घरच्यांवर जे आलं ते दुसऱ्यांनी आणलेलं होतं. त्यानंतरचं बरंचसं त्यांनी निवडलेलं आहे.

गोपाळ यांनी 'गांधीहत्या आणि मी' लिहिलं. सरकारनं ते जप्त केलं, १९६९ मध्ये मुंबई हायकोर्टानं जप्ती रद्द केली. नथुरामच्या अस्थी घरात जपून ठेवल्या, सिंधू नदी पुन्हा भारतात वाहील तेव्हाच विसर्जन करायचं, अशी त्याची इच्छा म्हणून. दर १५ नोव्हेंबरला पुण्यात त्यांच्यासमोर कार्यक्रम होतो. १९९४ मध्ये गोपाळ एका मुलाखतीत म्हणाले की आम्ही भाऊ घरात कमी आणि संघात जास्त वाढलो, नथुरामनं संघ सोडलाच नव्हता. संघानं हे कायम नाकारलं आहे. २००५ मध्ये वारेपर्यंत आपल्या कृत्याचा त्यांना खेद नव्हता.

हिमानी आर्किटेक्ट झाल्या. लग्न झालं नारायणराव सावरकरांचे चिरंजीव अशोक यांच्याशी. म्हणजे ज्या हत्येपायी सासऱ्यांना दगड खावे लागले, तिच्या कटात वडील शिक्षा भोगलेले. पुढं हिंदू महासभा आणि 'अभिनव भारत' या संघटनांत त्या अध्यक्षपदापर्यंत गेल्या. २०१५ मध्ये त्या वारल्या. वडील दिसले ते तुरुंगातल्या भेटीत, अशा मुलीनं वडिलांची बाजू घ्यावी हे मला समजतं. तिच्या जागी मी काय केलं असतं ते छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण संघटनेचं अध्यक्षपद हे रक्तातून येत नाही, ते घ्यावं लागतं. त्यावर प्रश्न विचारता येतात आणि विचारायलाच हवेत. सात्यकी यांनाही त्यांच्या स्वतःच्या बोलण्याबद्दल खुशाल विचारावं. आजोबा कोण होते, हा त्यातला प्रश्न नाही. कोर्टानं तेवढंच सांगितलं.

शिवाय नथुरामचं कौतुक करायला आता नात्याची गरजही उरलेली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये रायपूरच्या धर्मसंसदेत गांधीजींना शिवी देऊन नथुरामला नमस्कार करणारे कालीचरण महाराज मूळचे अकोल्याचे. गोडसे घराण्याशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांच्यावर गुन्हा आमच्या वर्ध्यातही दाखल झाला. जानेवारी २०२२ मध्ये वर्धा पोलिसांनी त्यांना रायपूरच्या तुरुंगातून ताब्यात घेऊन इथल्या कोर्टात उभं केलं. तिथून सेवाग्राम आठेक किलोमीटर आहे.