शांत गाव, सावध पाहुणा

कोपरहून दिवा एकच स्टेशन. तिथून कोकणची गाडी पकडून चिपळूणमार्गे गुहागरला गेलो. चार रात्री लोकलच्या खडखडाटाशिवाय गाढ झोप लागली. झोपेच्या गोळ्यांपेक्षा अशी सुटी केव्हाही बरी, हे माझे स्पष्ट मत. मात्र वाचकहो, तिथल्या जांभ्याच्या गडग्यात लाल विंचूही निवांत राहतो! दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय दिसले तर विष हृदयापर्यंत पोचले समजावे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात यावर प्राझोसिनचा उपयोग दाखवला आणि मृत्यू घटले. पण ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळेत मिळायला हवी. तेव्हा मासळीच्या ताटाआधी प्राथमिक आरोग्य केंद्राची चौकशी करा. चप्पल झटकून घाला. दंश झालाच तर मंत्र-उताऱ्यात तास घालवू नका.