क्षयमुक्तीची मुदत सरली. खरी कसोटी वेळेवर निदानाची

वाराणसी : येथील पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर सकाळचे ऊन थेट पडते आणि गंगेवरून मोकळा वारा येतो. घाट चढून वर गेले की अरुंद गल्ल्या आणि एकमेकांना टेकलेली घरे लागतात. याच परिसरात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. क्षयरोग कसा पसरतो, हे या दोन दृश्यांतून सहज उमगते. फुप्फुसाचा क्षय झालेला रुग्ण खोकतो, तेव्हा जंतू हवेत मिसळतात. उघड्यावर ते विरळ होतात आणि उन्हात मरतात. कोंदट खोलीत मात्र तासन्‌तास टिकतात. रुग्णाच्या भांड्यांमुळे किंवा हस्तांदोलनामुळे हा रोग होत नाही.

याच शहरात २४ मार्च २०२३ रोजी झालेल्या जागतिक क्षयरोग परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २०२५ पर्यंत क्षयमुक्तीच्या उद्दिष्टाचा पुनरुच्चार केला होता. ती मुदत आता सरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात २०१५ मध्ये लाखामागे २३७ नवे रुग्ण होते. २०२४ मध्ये हे प्रमाण १८७ वर आले. ही २१ टक्के घट जागतिक सरासरीपेक्षा अधिक असली, तरी ८० टक्क्यांच्या उद्दिष्टापासून बरीच दूर आहे.

या तफावतीमागील एक प्रमुख कारण म्हणजे निदानातील विलंब. योग्य औषधे सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका झपाट्याने घटतो. म्हणजेच प्रसार मुख्यतः निदानापूर्वी होतो. सूक्ष्मदर्शकाखालील थुंकी तपासणीत अनेक रुग्ण निसटतात. गोव्यातील कंपनीचे ‘ट्रूनॅट’ हे बॅटरीवर चालणारे यंत्र जंतूंची जनुकीय ओळख पटवते आणि रिफॅम्पिसिन या औषधाला ते दाद देतात की नाही, हेही सांगते. तथापि, अनेकांना खोकलाही नसतो. म्हणूनच ७ डिसेंबर २०२४ पासूनच्या शंभर दिवसांच्या मोहिमेत जोखमीच्या गटांची क्ष-किरण तपासणी करण्यावर भर देण्यात आला.

साध्या क्षयावर साधारणतः सहा महिने उपचार चालतात. बरे वाटताच औषधे सोडल्यास जंतू औषधांना दाद देईनासे होतात. आहाराचे महत्त्वही तितकेच आहे. झारखंडमधील अभ्यासात रुग्णांच्या कुटुंबीयांना पोषक शिधा दिल्याने त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. निक्षय पोषण योजनेतील मासिक साह्य नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाले. मात्र ते रुग्णापुरतेच आहे.

त्यामुळे नवी मुदत जाहीर करण्यापेक्षा, एक रुग्ण आढळताच त्याच्या संपूर्ण कुटुंबाची तपासणी किती दिवसांत होते, हाच प्रगतीचा खरा निकष ठरावा.