‘फॉरमॅट मारावा लागेल’

हे वाक्य म्हणायला संगणक उघडूनही बघावा लागत नाही. पडदा निळा असो वा काळा, यंत्र मधेच अडकलेलं असो वा सुरूच होत नसो, निदान ठरलेलं: ‘विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावा लागेल.’ आणि पाठोपाठ, जरा खालच्या आवाजात: ‘डेटाची गॅरंटी नाही.’

शनिवार पेठेत, मेहुणपुऱ्यात, ओळखीच्या एक काकू डीटीपीचं काम करतात. एक खोली, विंडोज ७ चा एक जुना संगणक (मुद्दामच इंटरनेटला न जोडलेला), त्यावर पेजमेकर आणि श्रीलिपी. लहान प्रकाशकांची पुस्तकं, दिवाळी अंकांची पानं, लग्नपत्रिका. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज गेली, यूपीएसनं मान टाकली आणि दुसऱ्या दिवशी संगणक काळ्या पडद्यावर थांबला. दुरुस्तीवाला आला, पाच सेकंद पडद्याकडे बघून त्यानं वरचं वाक्य म्हटलं. काकूंनी मला फोन केला, “अरे, तू यातलाच ना? तो सगळं पुसायचं म्हणतोय.”

वास्तविक पडद्यावर दुखणं नावगावासकट लिहिलेलं होतं. सिस्टम ३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरातली ‘सिस्टम’ नावाची फाईल गहाळ आहे किंवा बिघडली आहे, एवढंच. ही फाईल विंडोजच्या रजिस्ट्रीचा एक भाग. कोणती डिस्क, कोणते ड्रायव्हर, कोणत्या सेवा सुरुवातीला उठवायच्या याची नोंद तिच्यात असते. ती लिहिली जात असताना वीज गेली तर पान अर्धवट राहतं आणि दुसऱ्या दिवशी यंत्राला पुढे काय करायचं ते कळत नाही. एका फाईलचं दुखणं. त्यासाठी अख्खं घर पाडायचं?

माझा आक्षेप नेमका इथे आहे. विंडोजच्या स्वतःच्या फाईली जगभर सारख्याच असतात. बिघडल्या तर दुसऱ्या मिळतात. त्या तपासून दुरुस्त करणारी ‘एसएफसी’ ही आज्ञा विंडोजमध्येच आहे, आणि मूळ प्रतींचा साठाही विंडोज जवळ बाळगून असतं. काकूंनी जुळवलेलं पुस्तक मात्र जगात त्या एकाच डिस्कवर आहे. म्हणजे जे कुठेही मिळतं ते नवं करण्यासाठी, जे कुठेच मिळणार नाही त्यावर बोळा फिरवायचा, आणि याला दुरुस्ती म्हणायचं!

‘डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स काढून ठेवतो की’ असं उत्तर येतं. पण युनिकोडपूर्व मराठीची गोष्ट वेगळी आहे. त्या काळच्या फाईलींत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो. साठवलेलं असतं एखादं रोमन अक्षर नाहीतर चिन्ह, आणि फॉन्ट त्याला मराठी रूप देतो. तो ठरावीक फॉन्ट गेला की पानावर नुसता रोमन चिन्हांचा चिवडा. आणि फॉन्ट कुठे असतात? विंडोजच्याच फोल्डरात, ज्याला हात लावायचं दुरुस्तीवाल्याच्या मनातही येत नाही. पुस्तक वाचलं, पण वाचता येत नाही, अशी अवस्था.

१९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष फाईलमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडे विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. त्यावरचा मुख्य उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जायचं, ती एक फाईल पुसायची, यंत्र पुन्हा सुरू करायचं. लाखो यंत्रांपुढे माणसं बसली आणि एकेक करून हेच करत राहिली. विमान कंपनीच्या संगणकाला जी सबुरी मिळते ती मेहुणपुऱ्यातल्या संगणकाला का मिळू नये?

दुरुस्तीवाल्याची बाजूही आहे. फॉरमॅटचे पैसे ठरलेले असतात. दोन तास बसून नेमकं दुखणं शोधलं तर त्या दोन तासांचे पैसे द्यायला आपण कुरकुरतो. आणि खरं सांगायचं तर ही सवय आमच्या धंद्यातही आहे. सर्व्हर बिघडला की आम्ही तो सरळ मोडीत काढतो आणि काही मिनिटांत नवा उभा करतो. फक्त तिथे डेटा आधीच दुसरीकडे ठेवलेला असतो. घरोघरी सवय पोचली, अट मागेच राहिली. डिस्कच मरायला टेकली असेल किंवा व्हायरसनं सगळं पोखरलं असेल, तर नव्यानं विंडोज टाकावंच लागतं. पण तेव्हाही आधी प्रत, मग बाकीचं.

काकूंकडे मी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं आणि फॉन्टसकट सगळी सी ड्राइव्ह बाहेरच्या डिस्कवर उतरवली. अडीच तास गेले, दोन वेळा चहा झाला. मग ‘रेगबॅक’ नावाच्या फोल्डरात डोकावलो. विंडोज ७ दर काही दिवसांनी रजिस्ट्रीच्या पाच फाईलींची प्रत गुपचूप तिथे ठेवतं. प्रत आठवड्यापूर्वीची होती. बिघडलेल्या फाईलचं नाव बदललं, तिच्या जागी प्रत ठेवली. संगणक सुरू झाला. चार दिवसांपूर्वी बसवलेला प्रिंटर तेवढा त्याला आठवेना. तो पुन्हा बसवला.

घरी येऊन माझ्या नव्या लॅपटॉपवर तेच फोल्डर उघडलं. पाचही फाईली शून्य बाइटच्या. विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टनं ही प्रत काढणं आपणहून बंद केलंय. कारण काय, तर डिस्कवरची जागा वाचावी. शे-दीडशे एमबीचा मामला, आणि तोही पाचशे जीबीच्या डिस्कवर! वर कहर म्हणजे ते काम वेळच्या वेळी ‘यशस्वी’ झाल्याची नोंद होत राहते. रजिस्ट्रीत एक छोटी नोंद करून ते पुन्हा चालू करता येतं. मी केलं. काकूंची बाहेरची डिस्क आता गोदरेजच्या कपाटात, पत्रिकांच्या नमुन्यांच्या अल्बमखाली असते, आणि दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो, “येतोयस ना प्रत काढायला?”