उजळणीची दोन नाणी

परीक्षेचे दिवस समीप आले म्हणजे सायंकाळी आमच्या पडवीत दहावीची मुले जमतात आणि पाठांतराचा एकच कल्लोळ उठतो. परवा एका मुलीने आनुवंशिकतेचा धडा आम्हांस घडाघडा म्हणून दाखविला. उंच वाटाणा, खुजा वाटाणा, पहिली पिढी सगळी उंच, दुसरीत तीनास एक. आम्ही विचारले, "बाळ, तीनास एकच का? दोनास दोन का नव्हे?" ती गोंधळली. "फादर, पुस्तकात तसेच आहे." उत्तर खोटे नव्हते, परंतु याला आम्ही उजळणी म्हणत नाही.

आम्ही तिला पुस्तक मिटावयास सांगितले व दोन नाणी हाती दिली. पहिल्या पिढीतील प्रत्येक झाडापाशी उंचीचा एक व खुजेपणाचा एक असे दोन घटक असतात. त्यांतला कोणता संततीस जाईल हा केवळ योग. छापा म्हणजे उंची, काटा म्हणजे खुजेपणा. दोन्ही नाणी एकदम उडविली तर छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा असे चारच प्रकार संभवतात. एक जरी छापा असला तरी झाड उंच. मग खुजे किती? चारांत एक! गणिताच्या पुस्तकातील संभाव्यतेचा धडा तो हाच, हे तिच्या ध्यानी आले तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

तिने चाळीस वेळा नाणी उडविली. काटा-काटा दहादा यावयास हवे होते, आले नऊदा. ती हिरमुसली. आम्ही तिला मेंडेलचे आकडे दिले : ७,३२४ बियांपैकी ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेल्या. भागाकार तिनेच केला. आला सुमारे २.९६. खेपा थोड्या असल्या की फरक मोठा दिसतो, वाढल्या की प्रमाण तीनाच्या जवळ येते.

ग्रेगोर मेंडेल (१८२२–१८८४) हे आज झेक देशात असलेल्या ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठातले संन्यासी. १८५० साली शिक्षकाच्या परीक्षेत ते नापास झाले होते. (आपल्या लेकराला 'याला डोके नाही' म्हणणाऱ्या आईबापांनी हे जरूर वाचावे.) पुढे मठाने त्यांना व्हिएन्नास धाडले, तेथे ते पदार्थविज्ञान व गणित शिकले, आणि परत येऊन मठाच्या बागेत वाटाणे मोजीत बसले. १८६६ साली छापलेल्या त्यांच्या निबंधाचे मोल जगास १९०० साली कळले.

एवढ्यात त्या मुलीची आजी तिला न्यावयास आली. घरात तीन नाती, नातू नाही. आणि त्याचा बोल कोणाला लागतो हे गावास ठाऊक आहे. धड्याचा पुढला भाग मुला-मुलीच्या जन्माचाच होता, म्हणून आम्ही आजीबाईंना बसवून घेतले. आईपाशी दोन्ही गुणसूत्रे एक्स. तिच्याकडून एक्सच जाणार. बापापाशी एक एक्स, एक वाय. बापाचे एक्स आले तर मुलगी, वाय आले तर मुलगा. म्हणजे आईच्या नाण्याला दोन्ही बाजूंनी छापाच.

"मग सूनबाईकडे काटाच नाही म्हणता?" आजीबाई म्हणाल्या.

"नाही."

मुलीने तोवर कागदावर हिशेब मांडला होता. ओळीने तीन मुली होण्याची संभाव्यता अर्धे गुणिले अर्धे गुणिले अर्धे, म्हणजे एक अष्टमांश. तीन मुले असलेल्या आठ घरांत असे एक घर सहज निघावे. "आणि चवथ्या खेपेला?" आजीबाईंनी विचारले. "पुन्हा अर्धीच, आजी. नाण्याला मागचे आठवत नाही."

आजीबाई काही वेळ नाणे उलटसुलट करीत राहिल्या. मग ते आमच्या हाती ठेवून उठल्या व नातीस म्हणाल्या, "तो कागद घे बरोबर. तुझ्या बापाला दाखवू."