घोडा बघायला आलेली मंडळी

धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. 1948 साली ती मध्यभारतात विलीन झाली, पागा ओस पडल्या. तरी आपल्याकडच्या एखाद्या मराठी घराच्या दारात अजून घोडा बांधलेला दिसतो. तो विकायची पाळी आली की मालकाची जी परवड होते, तिच्याविषयी एकदा स्पष्ट बोलले पाहिजे.

रविवारी मंडळी येतात. घेणारा एक, जाणते चार. चहा होतो. घोड्याचे तोंड उघडून दात पाहिले जातात. मग अंगावरचे भोवरे शोधणे सुरू होते. माळव्यातले गिऱ्हाईक त्याला 'भँवरी' म्हणते, आपला माणूस 'भोवरा'. भाषा दोन, पण भाव पाडायची युक्ती एकच. अहो, भोवऱ्याने घोडा लंगडतो का? पण तो अशुभ ठरला की किंमत उतरते, आणि गंमत अशी की उतरल्या किमतीत तोच अशुभ घोडा घरी न्यायला कोणाची हरकत नसते!

पुढे 'एक चक्कर मारून बघतो' म्हणून तासभर दौड. घोडा घामाघूम होऊन परत येतो आणि मंडळी 'घर में पूछकर बताते हैं' म्हणून निघून जातात. त्यांचे विचारणे संपेपर्यंत चारा, हरभरा, नालबंद यांचा खर्च मालकाच्याच माथी. मराठी फौजेत बारगिराला सरकारी घोडा मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. आजचे गिऱ्हाईक मनाने बारगीर आहे: स्वारी त्याची, घोडा दुसऱ्याचा.

विकणारेही फसवतात, असे कोणी म्हणेल. फसवतात, यात वाद नाही. पण त्यावर उपाय जनावरांचा डॉक्टर आहे, भोवरा नव्हे. ग्लँडर्ससारखा रोग घोड्यापासून माणसालाही होतो आणि त्याचे निदान रक्ताच्या तपासणीतून होते. ती तपासणी मागणारे गिऱ्हाईक किती भेटतात?

तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथे शेजारी दहा घोडे उभे असतात, चारचौघांत भाव ठरतो, शब्दाला साक्षीदार असतात. घरच्या अंगणात यातले काहीच नसते. म्हणून तिथे नियम आपणच घालायला हवेत.

इसार हातात पडल्याशिवाय दौडीसाठी लगाम देऊ नये. घोड्याची खोड असेल ती आपणच आधी सांगावी आणि कागदावर लिहावी. 'अर्धे आता, अर्धे लगीनसराईनंतर' या बोलीला साफ नकार द्यावा. आणि घोडा कुठे जाणार, कोण सांभाळणार, कोणते काम करणार, हे घेणाऱ्याला तोंडावर विचारावे. ज्याला या प्रश्नाचा राग येतो, त्याने दुप्पट पैसे दिले तरी घोडा त्याच्या दावणीला बांधू नये. मुक्या जनावराच्या वतीने विचारणारे आपल्याशिवाय दुसरे कोणी नाही.